जुनी आज्ञावली आणि जुना माणूस



संगणक बनविणारी एखादी मोठी कंपनी आपली नवी यंत्रे बाजारात आणते, त्या दिवसाला आजकाल सणाचे रूप येते. दिवे लागतात, कंपनीचा मुख्य अधिकारी व्यासपीठावर येतो आणि बहुधा तीन प्रकारच्या वस्तू दाखवितो. पहिली सर्व्हर. हे यंत्र बँकेच्या किंवा विमा कंपनीच्या बंद खोलीत बसते आणि हजारो लोकांची कामे एकाच वेळी उरकते. दुसरी वर्कस्टेशन, म्हणजे इंजिनिअराच्या टेबलावरचे ताकदवान यंत्र, ज्याच्या पडद्यावर विमानाचे किंवा मोटारीचे आराखडे काढतात. तिसरी लॅपटॉप. ती तर आता कॉलेजात जाणाऱ्या मुलांच्या पाठीवरच्या पिशवीतही असते. या तिन्हींचा वेग किती, वजन किती, किंमत किती, हे सारे सविस्तर सांगितले जाते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रेही तेच छापतात.

कामगार संघटनेच्या कामात ज्याची हयात गेली, त्याला अशी बातमी वाचताना एक सवय जडलेली असते. नवे यंत्र काय करील हे तो वाचतोच. पण जे काम ते करणार, ते काल कोण करीत होते, हेही तो विचारतो. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयात पुष्कळ झाले. त्यामुळे यंत्राच्या पोटातल्या विद्येबद्दल मी अधिकाराने बोलणार नाही. मी आज एकाच कंपनीचा इतिहास आपल्यापुढे मांडणार आहे. ती कंपनी म्हणजे अमेरिकेची आय.बी.एम. सर्व्हर, वर्कस्टेशन आणि लॅपटॉप या तिन्ही वस्तूंची तिने केलेली घोषणा गाजली. त्या घोषणांबरोबर माणसांचे काय झाले, याचीही नोंद उपलब्ध आहे.

१८९० च्या अमेरिकन शिरगणतीत हर्मन हॉलेरिथ याने पुठ्ठ्याच्या पत्रांना भोके पाडून मोजणी करणारे यंत्र वापरले. त्याचा धंदा १९११ साली इतर दोन-तीन धंद्यांत मिळवून एक कंपनी निघाली. १९१४ साली थॉमस वॉटसन तिचा कारभारी झाला आणि १९२४ साली तिला आय.बी.एम. हे नाव मिळाले. वॉटसन हा मोठा जिद्दीचा माणूस. १९२९ नंतरच्या महामंदीत इतर कारखाने माणसे काढीत असताना त्याने आपले कारखाने चालू ठेवले आणि यंत्रे गुदामात रचून ठेवली. १९३५ साली अमेरिकन सरकारने सामाजिक सुरक्षेचा कायदा केला, कोट्यवधी नोकरदारांच्या नोंदी ठेवण्याची गरज निर्माण झाली आणि गुदामातल्या यंत्रांना मागणी आली. १९३४ साली त्याने नगावरची मजुरी बंद केली. पुढे त्याचा मुलगा धाकटा वॉटसन याच्या काळात, १९५८ साली, तासाच्या हिशेबाने वेतन घेणाऱ्या कामगारांना मासिक पगारदारांप्रमाणे वागविण्यास सुरुवात झाली. मंदी आली तरी माणसे काढावयाची नाहीत, अशी त्या कंपनीची रीतच पडून गेली.

हे सारे चांगलेच होते. संघटनेचा माणूस असलो तरी चांगल्याला चांगले म्हणण्यात मला कमीपणा वाटत नाही. मात्र येथे एक गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. ही रीत होती, करार नव्हता. अमेरिकेतल्या आय.बी.एम.च्या कामगारांची मान्यताप्राप्त संघटना कधीच नव्हती. मालकाने दिले म्हणून मिळाले होते. कागदावर कोणाची सही नव्हती.

आता पहिल्या घोषणेकडे वळू. ७ एप्रिल १९६४ रोजी कंपनीने न्यूयॉर्कहून खास आगगाडी सोडून वार्ताहरांना हडसन नदीच्या काठच्या पोकीप्सी या गावी नेले. तेथे 'सिस्टिम ३६०' या नावाने लहानमोठ्या संगणकांचे एक घराणेच जाहीर झाले. आज ज्याला आपण सर्व्हर म्हणतो, त्याच्या मोठ्या जातीचा हा मूळ पुरुष. या कामावर सुमारे पाच अब्ज डॉलर खर्च झाल्याचे पुढे प्रसिद्ध झाले. त्या काळी ही रक्कम कंपनीचे दिवाळे काढण्यास पुरेशी होती.

एवढा जुगार तिने कशासाठी खेळला? तोवर प्रत्येक संगणकाची भाषा निराळी होती. लहान यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, मोठ्या यंत्रावर चालत नसे. दुकान वाढले म्हणून व्यापाऱ्याने मोठी वही घ्यावी आणि वहीवाल्याने सांगावे, हिच्यात मोडी चालत नाही, तुमची वीस वर्षांची खाती बालबोधीत पुन्हा उतरून काढा, असा तो प्रकार होता. 'सिस्टिम ३६०' ने हे दुखणे संपविले. या घराण्यातल्या लहान यंत्रावर लिहिलेली आज्ञावली मोठ्यावरही चालेल, असे वचन तिने गिऱ्हाइकाला दिले.

पण त्या आधीची जुनी यंत्रे होती, त्यांचे काय? आय.बी.एम.चेच '१४०१' हे यंत्र हजारो कचेऱ्यांत बसले होते आणि त्याच्या आज्ञावल्या नव्या घराण्याला कळत नव्हत्या. नेमका हा धागा प्रतिस्पर्ध्याने पकडला. १९६३ च्या डिसेंबरात हनीवेल कंपनीने असे यंत्र जाहीर केले की, '१४०१' च्या आज्ञावल्या थोड्या सायासाने त्याच्यावर चालाव्यात. या साधनाला तिने नावही 'मुक्तिदाता' अशा अर्थाचे दिले. गिऱ्हाइके तिकडे वळू लागली. मग आय.बी.एम.च्या इंजिनिअरांनी नव्या यंत्राच्या आतच अशी सोय केली की, त्याने जुन्या यंत्राचे सोंग घ्यावे आणि जुन्या आज्ञावल्या मुकाट्याने चालवाव्यात.

गिऱ्हाईक सोडून जाऊ शकत होते, म्हणून कंपनीने ही सोय केली. जुन्याला सांभाळणे कठीण होते आणि खर्चाचेही होते. तरीही ते आराखड्यातच बसविण्यात आले. आणि ते वचन आजतागायत पाळले गेले आहे. ८ एप्रिल २०२५ रोजी कंपनीने याच घराण्यातला 'झेड १७' हा नवा सर्व्हर जाहीर केला. पोकीप्सीच्या घोषणेला तेव्हा एकसष्ट वर्षे आणि एक दिवस झाला होता. साठ वर्षांपूर्वी लिहिलेली हिशेबाची आज्ञावली या वंशातल्या यंत्रावर आजही चालू शकते. लिहिणारा निवृत्त झाला, कदाचित वारलाही असेल. पण त्याने लिहिलेल्या ओळींची नोकरी शाबूत आहे.

मात्र त्या घोषणेत काही हात सांगितले गेले नव्हते, तेही सांगितले पाहिजेत. त्या यंत्रांची स्मृती म्हणजे मोहरीएवढ्या बारीक चुंबकी कड्या तारांच्या जाळीत ओवून केलेली चौकट असे. हे काम करणारी यंत्रे कंपनीने आधी बनविली होती. पण मागणी वाढली तेव्हा ही ओवणी जपान आणि तैवानमध्ये हातांनी करवून घेणे तिला परवडले. हे हात बहुतांशी स्त्रियांचे होते. माणसाचे काम यंत्राकडे जाते, एवढेच आपण नेहमी ऐकतो. येथे ते यंत्राकडून पुन्हा माणसाकडे आले, कारण ते हात यंत्रापेक्षाही स्वस्त होते. त्याच वेळी अमेरिकेत कंपनीने हजारोंनी नवी माणसे घेतली, नवे कारखाने उघडले. नवे यंत्र आले की माणसे घरी बसतात, हा नियम सरसकट खरा नाही. यंत्र काम हलविते. कोठे हलविते आणि कोणाच्या अटींवर, हा खरा प्रश्न आहे.

दुसरी घोषणा १९९० च्या फेब्रुवारीतली. त्या वेळी कंपनीने 'आर.एस. ६०००' या नावाची वर्कस्टेशन बाजारात आणली. तिच्या मुळाशी असलेली कल्पना कंपनीच्याच जॉन कॉक या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात मांडली होती. यंत्राला अवघड आज्ञांचा मोठा कोश देण्यापेक्षा थोड्या आणि साध्या आज्ञा द्याव्यात, म्हणजे ते त्या झपाट्याने पार पाडील, अशी ती कल्पना. याच घराण्यातल्या 'डीप ब्लू' या मोठ्या यंत्राने १९९७ च्या मे महिन्यात बुद्धिबळाचा जगज्जेता कास्पारोव्ह याला हरविले. ती हार जगाने पाहिली. पण या जातीच्या यंत्रांनी आरेखन खात्यांत जो पालट घडविला, त्याचा गाजावाजा झाला नाही. बोइंग ७७७ हे विमान १९९४ साली पहिल्यांदा उडाले. त्याचे सर्व भाग संगणकाच्या पडद्यावर रेखाटून, पडद्यावरच एकमेकांत बसवून पाहिले होते. पूर्वीसारखा पूर्ण आकाराचा नमुना आधी उभारावा लागला नाही. पूर्वीच्या कारखान्यात आरेखन खाते म्हणजे उतरत्या फळ्यांच्या रांगा, टी-स्क्वेअर, शाईच्या लेखण्या आणि नकला उतरणारे ट्रेसर. आज ती फळी कोठे शोधून सापडावयाची नाही. ज्याने पडद्यावरची विद्या शिकून घेतली तो टिकला. ज्याला कोणी शिकविलेच नाही, त्याची वीस वर्षांची हातोटी नव्या यंत्राला वाचता आली नाही. त्याच्यासाठी जुन्याचे सोंग घेणारे साधन कोणी बनविले नव्हते.

तिसरी घोषणा लॅपटॉपची. ऑक्टोबर १९९२ मध्ये 'थिंकपॅड ७०० सी' बाजारात आला. काळी पेटी आणि कळफलकाच्या मध्यभागी एक लाल टिकली. त्याची रचना जपानमधल्या यामाटो येथील प्रयोगशाळेत झाली होती. थोरल्या वॉटसनचे आवडते ब्रीद होते 'थिंक', म्हणजे 'विचार करा'. ते छापलेल्या चोपड्या कंपनीचे लोक खिशात बाळगीत. त्यावरून हे नाव पडले. यंत्राची फार वाखाणणी झाली आणि ती योग्यच होती.

पण त्याच वर्षी कंपनीला सुमारे पाच अब्ज डॉलर तोटा झाला. टेबलावरचे लहान संगणक स्वस्त होत गेले आणि मोठ्या यंत्रांवरचा तिचा नफा आटला. १९९३ च्या एप्रिलमध्ये लुई गर्स्टनर हा बाहेरचा माणूस प्रमुख म्हणून आला आणि जुलैत आणखी ३५,००० जागा कमी करण्याचे जाहीर झाले. माणसे काढावयाची नाहीत ही रीत त्या वर्षी उघडपणे मोडली. मोडली कोठे? हडसनच्या खोऱ्यात, पोकीप्सी आणि तिच्या शेजारच्या गावांत. जेथे १९६४ साली वार्ताहरांची आगगाडी गेली होती, तेथेच १९९३ च्या वसंतात हजारो घरांत कामावरून कमी केल्याची पत्रे गेली. शेजारच्या किंग्स्टन गावातला कारखाना १९९५ साली बंदच झाला. १९८५ साली कंपनीत जगभर सुमारे चार लाख पाच हजार माणसे होती. १९९४ च्या अखेरीस सुमारे दोन लाख वीस हजार उरली. त्या खोऱ्यातल्या माणसाची आज्ञावली पुढेही चालत राहिली. त्याची स्वतःची नोकरी चालली नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. कंपनीच बुडाली असती तर सगळेच बुडाले असते. मग हमी कोणी कोणाला द्यावयाची? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. बुडत्या जहाजातून भार कमी करावा लागतो, हे मला कळते. पण कोणता भार आधी फेकावयाचा, हे कोण ठरवितो? तोट्याच्या त्या वर्षांतही गिऱ्हाइकाच्या जुन्या आज्ञावल्या फेकून द्याव्यात, असे कंपनीच्या मनात आले नाही. तसे केले तर गिऱ्हाईक जाईल, हे तिला ठाऊक होते. गिऱ्हाइकाच्या हाती करार होता, पैसा होता आणि शेजारचे दुकान होते. कामगाराच्या हाती एक जुनी रीत होती.

१९९९ साली कंपनीने निवृत्तिवेतनाची पद्धत बदलली. नोकरीच्या अखेरच्या वर्षांत जे वाढत जावयाचे, ते बदलल्याने मध्यम वयाच्या नोकरांचे नुकसान होणार, अशी ओरड झाली. न्यायालयात दावा गेला. २००३ साली खालच्या न्यायालयाने तो नोकरांच्या बाजूने दिला आणि २००६ साली वरच्या न्यायालयाने फिरविला. याच रागातून १९९९ साली काही नोकरांनी दळणवळण कामगारांच्या मोठ्या संघटनेच्या आश्रयाने एक संघटना काढली. तिला मान्यता कधी मिळाली नाही. माणसे कमी करण्याला कंपनीने 'रिसोर्स ॲक्शन', म्हणजे 'साधनसंपत्तीविषयक कृती' असे सभ्य नाव दिले होते. ही संघटना त्या कृतींची गाऱ्हाणी गोळा करीत राहिली आणि सभासद घटत जाऊन २०१६ च्या जानेवारीत थांबली.

मधल्या काळात यंत्रेही विकली गेली. डिसेंबर २००४ मध्ये लॅपटॉप आणि लहान संगणकांचा धंदा चीनच्या लेनोव्हो कंपनीला देण्याचे ठरले आणि २००५ साली व्यवहार पुरा झाला. सुमारे दहा हजार माणसे धंद्याबरोबर नव्या मालकाकडे गेली. थिंकपॅड हे नाव तसेच राहिले, काळा रंग राहिला, लाल टिकलीही राहिली. १९६४ चे घराणे कंपनीने स्वतःकडे ठेविले, पण २०१४ साली स्वस्त जातीच्या सर्व्हरांचा धंदाही लेनोव्होलाच विकावयाचे ठरले. त्या वेळी चीनमधील शेन्झेन येथील आय.बी.एम.च्या कारखान्यात हजाराहून अधिक कामगार मार्च महिन्यात संपावर गेले. नव्या मालकाकडे जावयाचे तर कोणत्या अटींवर, आणि जावयाचे नसेल तर इतक्या वर्षांच्या चाकरीचा मोबदला किती, असे त्यांचे विचारणे होते. देऊ केलेली भरपाई त्यांना तुटपुंजी वाटली. संप सुमारे दीड आठवडा टिकला आणि काहीजणांना नोकरी गमवावी लागली. त्यांची मागणी नीट ऐकली तर ती १९६४ च्या गिऱ्हाइकाचीच होती: यंत्र बदला, मालक बदला, पण आमची जुनी खाती पुढे चालवा.

आता आपल्या घराकडे येऊ. आय.बी.एम. १९५० च्या दशकापासून भारतात होती. मुंबईत ती पंचकार्डांची यंत्रे बनवी आणि परदेशात वापरून झालेली '१४०१' यंत्रे डागडुजी करून येथे भाड्याने देई. १९७३ च्या परकीय चलन कायद्यान्वये तिला आपल्या भांडवलातला वाटा कमी करावयाचा होता. ते तिने नाकारले आणि १९७८ साली ती देश सोडून गेली. १९९२ साली टाटांबरोबर भागी करून ती परतली. पुण्यातही आज तिची कार्यालये आहेत. २०१७ साली अमेरिकन वृत्तपत्रांनी लिहिले की, कंपनीची अमेरिकेतल्यापेक्षा भारतात अधिक माणसे आहेत. पोकीप्सीचे काम हलले, त्याचा काही भाग आपल्या मुलामुलींच्या पदरात पडला. त्याचा आनंद मानावा. पण जे काम आज हलून आपल्याकडे आले, ते उद्या हलून पुढेही जाईल, हे विसरू नये.

यंत्राशी झगडा आपल्याला नवा नाही. १९२८ च्या मुंबईतल्या गिरणी संपामागे विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, ही योजनाही होती. १९६० च्या दशकाच्या मध्याला आयुर्विमा महामंडळाने संगणक आणावयाचे ठरविले, तेव्हा कर्मचाऱ्यांनी देशभर विरोध केला. कलकत्त्याला इलॅको हाउस या इमारतीत यंत्र बसू नये म्हणून त्यांनी रात्रंदिवस पहारा दिला. सरकारने १९६९ साली पुण्याच्या गोखले संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९७२ साली तिचा अहवाल आला. पुढे सप्टेंबर १९८३ मध्ये बँकांच्या संघटना आणि कर्मचाऱ्यांच्या संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. कोणती यंत्रे, किती आणि कोणत्या कामाला, याच्या मर्यादा त्यात ठरल्या; यंत्रावर काम करणाऱ्यास विशेष भत्ता ठरला. हा करार अपुरा होता, असे पुष्कळ म्हणतात. त्या मर्यादा पुढे राहिल्याही नाहीत. तरी एक गोष्ट त्यात मोलाची होती. इलॅको हाउसच्या दारात उभा असलेला नोकर 'यंत्र नको' म्हणत होता. १९८३ चा नोकर टेबलाशी बसून 'यंत्र कोणत्या अटींवर' असे विचारीत होता. यंत्र अखेर आलेच. पण ते बोलणी करून आले, हा पहाऱ्याचाच प्रताप होता.

कायद्यानेही थोडे दिले आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९अ होते. यंत्रात किंवा पद्धतीत अशी सुधारणा करावयाची की जिच्यामुळे माणसे कमी होण्याचा संभव आहे, तर मालकाने आधी नोटीस द्यावी आणि एकवीस दिवस थांबावे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ही एकवीस दिवसांची तरतूद घेतली आहे. आता तुलना करा. १९६४ च्या एप्रिलात जाहीर झालेले यंत्र गिऱ्हाइकाच्या दारात १९६५ साली पोहोचू लागले. म्हणजे गिऱ्हाइकाला तयारीसाठी वर्ष मिळाले आणि त्याच्या जुन्या आज्ञावल्यांसाठी खास साधन मिळाले. त्या गिऱ्हाइकाच्या कचेरीतल्या आमच्यासारख्या कारकुनाला कायदा एकवीस दिवस देतो.

तेव्हा मागावयाचे काय, ते या इतिहासातच लिहिले आहे. कचेरीने नव्या सर्व्हरची मागणी नोंदविली, त्याच दिवशी ती नोकरांना कळावी. यंत्र दारात उतरल्यावर कळून उपयोग नाही. नव्या यंत्राची विद्या कामाच्या वेळात आणि मालकाच्या खर्चाने शिकविली जावी. चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला आधी शिकवावे, कारण तरुण कसेही शिकतो. आणि मालक बदलला, यंत्र बदलले तरी केलेल्या नोकरीची वर्षे तुटू नयेत. यांत अवघड किंवा अशक्य काही नाही. इंजिनिअरांनी '१४०१' साठी जे केले, तेच माणसासाठी करावयाचे आहे. फक्त ते आराखड्यात आधी बसवावे लागते, मागाहून ठिगळ लावून जमत नाही.

पण ते आपण होऊन कोणी बसविणार नाही. गिऱ्हाइकाची जुनी खाती वाचली, कारण गिऱ्हाईक उठून दुसऱ्या दुकानात जाऊ शकत होते. एकटा नोकर उठून गेला तर कोणाचे काही अडत नाही. हजार नोकर एकत्र बसले तर अडते. नव्या यंत्रांची पुढली घोषणा होईल, तेव्हा तिचा वेग अवश्य वाचा, किंमतही वाचा. मग आपल्या कचेरीत, कारखान्यात, शेजारच्या टेबलावरच्या माणसाला विचारा की, हे यंत्र आपल्याकडे येणार आहे काय आणि कधी. बोलणी तेथून सुरू होतात.